‘गुलाबी सिग्नल’चे मॅनेजर

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी सात.
आजपासून रोजनिशी. यशस्वी मॅनेजर रोज लिहितात असं एका रीलमध्ये ऐकलं. कोणी वाचणार नाही, त्यामुळे नम्रपणाची गरज नाही.
वस्तुस्थिती अशी. रचना शहारे, वय बावीस, माझी धाकटी बहीण. आमगावच्या कॉलेजात बी.ए.चं शेवटचं वर्ष. रॅप करते. मागच्या १४ एप्रिलला विहाराच्या स्टेजवर तिने आईवरचा रॅप म्हटला, आपल्याच बोलीत. आई दुसऱ्याच्या बांधीत दिवसभर वाकून धान रोवते, अन् घरी आल्यावरही तिची कंबर सरळ होत नाही, असा. कोणीतरी मोबाईलवर काढला. तो व्हिडिओ गोंदिया, भंडारा, पार गडचिरोलीपर्यंत गेला. लोक रडले.
मीपण रडलो. पण रडून करिअर होत नाही. चिखल जिल्ह्यात चालतो. देशात पॉप चालतो.
बाबा गेल्यापासून घरात मोठा मीच. निर्णय घेतला: पहिला अल्बम पॉप. मॅनेजर मी, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान सांभाळून.
रचनाला सांगितलं. ती म्हणाली, "मले पण पॉप आवडते दादा. लोकं नाचले पाहिजेत." एकमत. घरात असं एकमत पहिल्यांदा.

१९ जानेवारी.
गोंदियात कैलाशच्या स्टुडिओत गेलो. कैलाश अनुभवी माणूस, लग्नाच्या ऑर्केस्ट्राचा की-बोर्ड वाजवायचा. त्याने रचनाचा आवाज ऐकला. म्हणाला, "भैया, दीदी की आवाज़ में मिट्टी बहुत है. थोड़ा धो देते हैं." प्रोफेशनल लोक एका वाक्यात रोग ओळखतात.
स्टेजचं नाव ठरवलं: राची. अल्बमचं नाव: गुलाबी सिग्नल. दोन्ही मला बसमध्ये सुचली.
रचना म्हणाली, "आमगावात सिग्नल कुठी आहे दादा?" तिला इमॅजिनेशन वाढवायला सांगितलं.

२ फेब्रुवारी.
सात गाणी फायनल. सहा माझ्या लेखणीतून. (मी गाणी लिहू शकतो हे मलाच माहीत नव्हतं.) सातवं रचनाचं, ‘खिडकीची सीट’. खेड्यावरून एसटीने कॉलेजला येणाऱ्या पोरी खिडकीच्या सीटसाठी भांडतात, त्यावर. बीट नाचायचा आहे, पण विषय लोकल. ती ऐकेना, म्हणून सगळ्यात शेवटी टाकलं. तिथपर्यंत कोण ऐकतो?
आईचा रॅप अल्बममध्ये नाही. रचनाने तीनदा विचारलं, काऊन नाही. मी तीनदा समजावलं, की तो ब्रँडमध्ये बसत नाही. चौथ्यांदा ती विचारायला आलीच नाही. समजूतदार होते आहे.

२३ फेब्रुवारी.
रेकॉर्डिंग संपलं. परत येताना बसमध्ये रचना एक शब्द बोलली नाही. मोठे कलाकार आवाज जपतात.
संकल्प: तिला आत्मविश्वासावरची रील रोज एक पाठवणे.

८ मार्च, शनिवार. महिला दिन.
रिलीज. तारीख मीच निवडली.
घरी ब्लूटूथ स्पीकर लावला. शेजारच्या देवकाबाई, त्यांची नात पिंकी, विहारातली चार माणसं. आईला पुढच्या खुर्चीवर बसवलं. हातपाय धुऊन, नवीन लुगडं नेसून आली होती. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या मध्येच आई हळूच म्हणाली, "बेटा, याच्यात आपली रचना कोनती होय?"
मी समजावलं, की आई, सगळीकडे रचनाच आहे. आवाज इंटरनॅशनल केला आहे. आईने मान हलवली. मग प्रत्येक गाण्यात कान पुढे करून बसली. शेवटच्या गाण्यात म्हणाली, "हे होय," अन् हसली. तिथे कैलाश आवाज धुवायचा विसरला होता. त्याला फोन करून बोलायचं आहे.
पिंकीने पण तेच गाणं पुन्हा लावायला लावलं. लहान पोरींना समज कमी.

१० मार्च.
कमेंट येऊन राहिल्या आहेत. नमुने:
"ताई कुठी गेली?"
"रोबोट छान गातो."
"पॉप चांगला असते पण हा कोनाचा होय?"
कारणं: बोर्डाच्या परीक्षा चालू. होळी जवळ. नेटवर्क. आपल्या लोकांना बदल पचायला वेळ लागतो.
उपाय: तीन खाती उघडली. म्युझिक लव्हर नागपूर, स्वीटी पुणे अन् ए. के. दुबई. तिघांनाही अल्बम फार आवडला. ही फसवणूक नाही. मला आवडलाच आहे, फक्त मी एकटा पडलो आहे.

१६ मार्च.
एक विचित्र गोष्ट. ‘खिडकीची सीट’ बाकी सहा गाण्यांच्या कितीतरी पट ऐकलं जात आहे. देवरीच्या पोरींनी एसटीत त्यावर नाचून रील काढली. कंडक्टरपण हसताना दिसतो.
विचार केला. ॲपमध्ये दोष असावा, लोकांना यादी उलटी दिसत असावी. कैलाशला विचारलं. तो म्हणाला, "भैया, वो गाना अच्छा है." त्याला तांत्रिक ज्ञान कमी आहे.

२० मार्च.
चिचगडच्या कोणी दुर्गेश्वरीने लांबलचक लिहिलं. "ताई, तुमचा आईवरचा रॅप ऐकून मी लिहायला लागली. होस्टेलमधल्या आम्ही सहाजणी तो रोज म्हणतो. या अल्बममधलं शेवटचं गाणं ऐकून आम्ही खूप नाचलो. ते तुमीच हाव. बाकीच्या गाण्यांत मी तुमाले शोधलं, सापडल्या नाही. राग मानू नका."
लोकांनी तिला चारशे लाइक दिले. ए. के. दुबईला दोन. त्यातला एक स्वीटी पुणेचा.
अशा वेळी मॅनेजमेंटला ठाम राहावं लागतं. रचना कॉलेजला गेली होती, तिचं खातं माझ्याकडेच आहे. उत्तर दिलं: "आधी स्वतः काही करून दाखव. जंगलात राहून पॉप कळत नसतो."
थोडं कडक झालं. पण स्टार लोक असंच बोलतात.

२३ मार्च, रविवार.
त्या उत्तराचा स्क्रीनशॉट सगळीकडे फिरून राहिला. "व्हिडिओ चालला अन् लगेच मोठी झाली." "आपल्याच पोरीले जंगली म्हणते." विहाराच्या ग्रुपवरसुद्धा आला. तिथे कोणी काही लिहिलं नाही, ते जास्त लागलं.
दुपारी रचना दुकानात आली. डोळे सुजलेले. दोन दिवसांपासून वर्गातल्या मुली तिच्याजवळ बसत नाहीत, हे आता कळलं. घरी तिने सांगितलं नव्हतं.
म्हणाली, "हे मी नाही लिहिलं."
मी म्हणालो, टीमने लिहिलं.
"टीम म्हणजे कोन?"
उत्तर द्यायला मी उठलो. उठायला नको होतं. काउंटरवर माझा मोबाईल उघडा होता, त्यात ए. के. दुबई. तिने तो उचलला. वाचत राहिली. दुबई, पुणे, नागपूर, सगळं वाचलं. गिऱ्हाईक आलं, मी त्याला उद्या या म्हणालो.
"कायले केलं दादा?"
"तुझ्यासाठी."
"माह्यासाठी, माह्या नावानं, त्या पोरीले असं?" ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. "मले वाटे गानेच वाईट आहेत माहे. रोज रात्री उशीत तोंड घालून मी तेच म्हनत होती. गानेही माहे नव्हते, लोकंही माहे नव्हते."
मी म्हणालो, पॉप तुलाच हवा होता.
"हवाच होता. अजूनही पाहिजे. मले इचारून पाहिजे होता."
पासवर्ड मागितला. लिहून दिला. दोनदा चुकीचा लिहिला, सकाळपासून चहा नव्हता झाला.
संकल्प: माफीचं निवेदन काढणे. आजच.

२५ मार्च.
निवेदनाचे चार मसुदे झाले. प्रत्येकात पहिल्या ओळीत माफी येते, दुसऱ्या ओळीपासून परिस्थिती समजावून सांगावी लागते. दोन पानं होतात. छोटं करून टाकतो.
रचना अन् आई सकाळपासून घरी नाहीत. आईने मजुरी बुडवली. असं ती कधी करत नाही. डब्यात माझ्यासाठी भात-भाजी होती.

२६ मार्च.
त्या दोघी चिचगडला गेल्या होत्या. देवरीला बस बदलून. मला पिंकीकडून कळलं. मग आईला विचारलं, तेव्हा आईने सांगितलं.
दुर्गेश्वरी होस्टेलच्या बाहेर येत नव्हती. निरोप पाठवला, की भेटायचं नाही. रचना फाटकाशी उभी राहून रडायला लागली. तेव्हा आई एकटीच आत गेली. पोरगी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. आई तिच्या बाजूला जाऊन बसली. म्हणाली, "ते माह्या पोरीनं नाही लिहिलं बाई. माह्या पोरानं लिहिलं. दोघंही माहेच होत. मले माफ कर."
आईने हात जोडले होते का, ते मी विचारलं नाही.
मग ती पोरगी बाहेर आली. रचनाला स्वतःचं लिहिलेलं म्हणून दाखवलं. एकदम दमदार होय म्हणते आई. परतीची बस चुकता चुकता राहिली.
"मले कायले मध्ये आणलं?" मी म्हणालो.
आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू मध्येच होता, बाबू."
निवेदन उद्या. शांत डोक्याने लिहिलेलं बरं.

१४ एप्रिल.
विहारासमोर मांडव. मी साउंडवाल्याजवळ उभा राहिलो, टेक्निकल मदतीसाठी. त्याने सांगितलं, गरज नाही.
राची नाही, रचना शहारे म्हणून नाव पुकारलं. सोबत दुर्गेश्वरी अन् तिच्या होस्टेलच्या पाच पोरी. ‘खिडकीची सीट’ सातजणींनी मिळून केलं. मांडवातल्या बाया उठून नाचल्या. देवकाबाईसुद्धा. पॉप चालतो, हे मी जानेवारीतच लिहून ठेवलं आहे.
गाणं झाल्यावर रचना माईकवर बोलली. "दुर्गेश्वरीले ते शब्द माह्या खात्यावरून गेले. लिहिले माह्या भावानं. पन खातं माहं होतं, मी पाहिलं नाही, म्हनून चूक माहीपन होय." माझं नाव घेतलं नाही. लोकांनी मात्र मान वळवून पाहिलं. मी साउंडच्या वायरी गुंडाळू लागलो. त्या चालू होत्या.
आभार प्रदर्शनात मांडववाला, पाणीवाला, कैलाश, सगळ्यांची नावं आली. यादी घाईत केलेली असणार.

२२ एप्रिल.
रचनाने अल्बममधली माझी सहाही गाणी काढून टाकली. विचारलं नाही, सांगितलं. "नवीन लिहून राहिली दादा, दुर्गेश्वरीसोबत. पॉपच आहे." मग विचारलं, जेवला का.
एका गाण्याच्या अल्बमला अल्बम म्हणत नाहीत, हे तिला कोणीतरी सांगायला हवं. मी सांगितलं नाही. जेवलो नव्हतो तरी हो म्हणालो.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी साडेतीन.
निवेदन अजून बाकी आहे. गिऱ्हाइकी होती.
सालेकसाकडची एक मुलगी मोबाईलला काच बसवायला आली. काच पुसत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. रिंगटोन रचनाचंच गाणं. मी न राहवून म्हणालो, ही माझी बहीण.
तिने बाहेरची पाटी पाहिली, शहारे मोबाईल. खूश झाली. रचनाताईचं सगळं पाठ आहे म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, "मंग तो कमेंटवाला भाऊ तुमीच होय काय जी?"
काचेखाली एक बुडबुडा राहिला होता. तो मी अंगठ्याने कडेला नेत होतो.
"नाही," मी म्हणालो. "तो मोठा. मी लहान."
"असं काय. मंग तुमी समजवा त्याले. ताईले लय त्रास देला त्यानं."
त्याला सांगतो, म्हणालो.
आम्ही दोघंच भावंडं.