डबल बेल न वाजलेलं विमान

परभणी, ९ फेब्रुवारी १९९३, संध्याकाळ

ड्युटी संपल्यावर मेहुण्याच्या, सुरेशच्या, कॉम्प्युटर क्लासला गेलो. त्याने विमान चालवायचा नवा गेम आणलाय. चपला बाहेर काढायला लावल्या, मशीनला धूळ चालत नाही म्हणे.

"दाजी, एवढी एसटी हाकता, हे काय अवघड हाय? उडवा की!"

पडद्यावर विमान तयार उभं. मी नुसता बसून.

"कशाची वाट बघायलात?"

खरं तेच सांगून टाकलं. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय माझा हात गिअरकडे जातच नाही. सुरेश पोट धरून हसला. मीही हसलो.

मग उडालं. लय बरं वाटलं. आणि एकदम एका अंगाला कललं, खालची शेतं भराभर मोठी व्हायला लागली. मी अनवाणी पायाने फरशीवर ब्रेक दाबतोय, जीव खाऊन. तिथे कुठला ब्रेक! ते सोडा. पण मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा विमान पडलं होतं.

खेळच तो. तरीही... एकोणीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. म्हणजे मी सांभाळून चालवतो, की तशी वेळच आली नाही कधी? समोर ट्रक आला तर? तेव्हाही डोळे मिटीन?

सुरेशला कळलं नाही, तो पडद्याकडे बघत होता. हिलाही सांगितलं नाही. टाच अजून ठणकतेय.

उद्या सकाळची पालमला जाणारी फेरी माझ्याकडेच. गाडी गच्च भरेल, डबल बेल वाजेल. मागे बसलेल्यांना माझी पाठ दिसते. डोळे दिसत नाहीत.