अण्णाचं मातृदिनाचं स्टेटस

ओसाका, १२ मे

अण्णा, तुझ्या विजूचा नमस्कार.

मी बरी हाय. जेवणखाण वेळेवर चाललंय. वहिनीचा गुडघा कसा हाय? सोनूची परीक्षा झाली का?

काल इथं जपानात आईचा दिवस होता. मी कामाला हाय त्या वृद्धाश्रमातल्या सातोआजी सकाळपासून ठेवणीतले कपडे घालून दाराशी बसल्या होत्या. दुपारी लेकानं धाडलेलं लाल फुलांचं पार्सल आलं. लेक आला न्हाई. फुलं माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "तुझ्या आईजवळ कोण असतं?"

"माझा भाऊ," मी म्हणलं. खोटं बोलले, अण्णा.

मग मोबाईलवर तुझं स्टेटस दिसलं. आईचा फोटो अन् खाली 'माझं दैवत'. तो फोटो मी इकडं येताना काढलेला. आईला फोन लावला तर म्हणाली, "असला दिवस मला काय ठावं गं? दिवाळीपास्नं आला न्हाई तो. कामात असंल."

तुझ्या कोळारहून आईची खटकचिंचोळी बसनं दीड तासावर. कामून जाईनास?

आपल्याकडं आईचा दिवस पिठोरी अमावस्येला. गेल्या साली नैवेद्य डोक्यावर धरून आईनं "अतीत कोण?" विचारलं. मागं उभं राहून "मी" म्हणायला लेकरू लागतं. दोन लेकरं असून शेजारची अंबुबाई उभी राहिली.

या पिठोरीला मी सुट्टी काढून यायलेय. मी ओसाकाहून निघते, तू कोळारहून निघ. बघू, आईच्या मागं अगोदर कोण पोचतंय.

तुझी पाठची,
विजू