मीटर तुमच्या सोयीनं बसवा

हॅलिफॅक्स, १९ नोव्हेंबर

प्रिय म्युरिएल,

रविवारी फोनवर तू विचारलंस की खोलीचं काम कुठवर आलं, आणि मी म्हटलं, छान चाललंय. ती शुद्ध थाप होती. त्या वृद्धनिवासाला एक डिसेंबरपर्यंत तुझा होकार-नकार कळवायचा आहे, हे मला पाठ आहे. त्याआधी मागच्या अंगणातली खोली छपरासकट उभी करून तुला दाखवायची, म्हणजे मला तुझ्या तोंडून 'नाही' निघणारच नाही, असा माझा बेत होता. तो कसा बोंबलला ते आता सगळं सांगते. चहा घेऊन बस.

अडचण मुळात एवढीच होती की मागच्या भिंतीवर गॅसचा मीटर होता आणि त्याच्या डोक्यावर घर तापवणाऱ्या बॉयलरचं धुराडं. खोली त्याच भिंतीला टेकून बांधायची, म्हणजे ते धुराडं थेट तुझ्या उशीवर वाफ सोडणार. दोन्ही गोष्टी बोळाच्या बाजूला हलवायचं ठरलं. पण मीटर हलवणारे वेगळे, धुराडं हलवणारे वेगळे, आणि भिंत बांधणारा आमचा ट्रेव्हर सग्डन तिसराच. प्रत्येक जण म्हणे, आधी त्यांचं होऊ दे, मग मी येतो. असा सबंध उन्हाळा गेला.

अखेर सप्टेंबरात मीटरवाला आला. ट्रेव्हरनं बोळाकडच्या भिंतीवर खडूनं मीटरची फुली मारून ठेवली होती आणि शेजारी तुला बोळातून आत यायच्या दाराची चौकट आखली होती. चांगलं रुंद दार, पायरी नाही, नुसता उतार, तुझ्या चाकांच्या वॉकरसाठी. आदल्या दिवशी पाऊस झाला आणि खडू धुऊन गेला. मीटरवाल्यानं अगदी अदबीनं विचारलं, कुठं बसवू? मला जागा नक्की माहीत होती गं. पण तो एवढ्या लांबून आलेला, हातात जड पेटी, आणि आपल्या आईनं आपल्याला जे शिकवलं तेच तोंडातून बाहेर पडलं. मी म्हटलं, "तुमच्या सोयीनं बसवा, माझं काही नाही." त्याला सोयीची वाटली ती जागा नेमकी तुझ्या दाराच्या मधोमध. मी ते बघत उभी होते. बघत उभी राहून मी त्याला बिस्किटं दिली, वर म्हटलं, किती नीटनेटकं काम करता तुम्ही.

सोमवारी ट्रेव्हर आला. मीटरकडे बघितलं, म्हणाला, सुबक बसवलाय. मग दोन कप चहा प्याला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि निघताना दाराशी वळून हळूच म्हणाला की तिथून दार काढायचं म्हटलं तर जरा अवघड जाईल. मीटर पुन्हा हलवायला नवा अर्ज, नवी तारीख, सहा आठवडे. चाळीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात तीनशे पोरांना रांगेत उभं करणारी मी, मला एका माणसाला 'इथं नको, तिथं' म्हणता आलं नाही.

धुराड्याचं काम नसरीन हुसेन नावाच्या मुलीनं केलं. मुलगी म्हणजे पन्नाशीची आहे, इथलीच, आपल्या जुन्या गिरणीमागे वाढलेली. तिनं धुराडं बोळाकडे काढलं आणि मला बजावलं की वाफ पलीकडे हेगकाकांच्या अंगणात जाईल, त्यांना नीट विचारा. मी विचारलं. हेगकाका तीनदा म्हणाले, काही हरकत नाही. मग रोज सकाळी ते आपले सदरे वाळत घालत आणि रोज संध्याकाळी घातले तसेच ओले काढून नेत. भेटले की म्हणत, यंदा नोव्हेंबर फारच दमट आहे. मी म्हणे, हो ना, फारच. असं नऊ दिवस चाललं. नसरीन परत आली तेव्हा तिनं कुंपणावरून सरळ विचारलं, आणि ते एका श्वासात म्हणाले की त्यांच्याकडे अंगात घालायला कोरडा सदरा उरलेला नाही. अर्ध्या तासात तिनं धुराड्याला वर वळणारं तोंड बसवलं. मग हात पुसत मला म्हणाली, "बाई, तुम्हाला काय हवंय ते एकदा तोंडानं बोला की. पाइपाला मनातलं कळत नाही." मला राग आला होता. तरी तिला केक बांधून दिला.

मीटर गेल्या बुधवारी योग्य जागी गेला. या खेपेला मी बोट दाखवून म्हटलं, इथं. आवाज जरा मोठाच निघाला, तो माणूस दचकला. आता भिंती उभ्या आहेत, दार बसलंय, छप्पर मात्र पहिल्या तारखेआधी होत नाही. तेव्हा दाखवायला माझ्याकडे काही नाही, आणि म्हणून हे पत्र.

गेले दहा महिने मी तुला सांगतेय की खोली तुझ्यासाठी आहे, तुला तुझ्या तिसऱ्या मजल्याचा जिना झेपत नाही म्हणून. तू म्हणतेस, माझ्यासाठी एवढा त्रास नको, आणि मी म्हणते, तुला योग्य वाटेल ते कर. आता खरं ऐक. गेल्या आठवड्यात खिडकी अगदी सरळ असताना मी ट्रेव्हरला म्हटलं, ती तिरकी दिसतेय. त्यानं पुन्हा मापं घेतली, तेवढाच एक तास घरात माणसाचा आवाज. दुसऱ्या दिवशी मी तेच दुसऱ्या खिडकीबद्दल म्हटलं. त्यानं मुकाट्यानं तीही मोजली, म्हणजे त्याला कळलं असणार. माझा स्टॅन्ली गेल्यापासून हे घर मला सोसत नाही, म्युरिएल. ही खोली तुझ्या पायांसाठी नाही, माझ्यासाठी आहे. मला तू इथं हवी आहेस. त्या लोकांना नाही म्हणून कळव, आणि छपराची वाट न बघता ये. तोवर माझ्या खोलीत झोप, मी सोफ्यावर झोपेन. आणि याच्यापुढे 'तुला जमलं तर' असं मी लिहिणार होते, ते लिहीत नाही.

तुझीच,
ग्लेंडा