मळ्यातला फितूर

२ मे, संध्याकाळ

उद्यापासून मी मुलांच्या उन्हाळी शिबिराचा मुख्य दादा. 'मुख्य' हा शब्द रविराज सरांनी वापरला नाही, पण त्यांच्या बोलण्याचा सूर तोच होता. निफाडजवळ त्यांचा द्राक्षाचा मळा आहे. तिथे यंदा पहिल्यांदाच त्यांनी दहा दिवसांचं निवासी शिबिर ठेवलंय. ते नीट पार पडलं तर वर्षभर शिबिरं, आणि मग कायमचा शिबिरप्रमुख लागणार. बत्तिसाव्या वर्षी 'कायम' हा शब्द ऐकला की अंगावर मूठभर मांस चढतं. आईने देवापुढे साखर ठेवली.

ही जागा लताबाईंकडून कळली. त्या नाशिकला आमच्या शेजारच्या विंगमध्ये राहतात. आई आणि त्या रोज सकाळी सोसायटीच्या फाटकासमोरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी मारतात आणि मग तासभर बाकावर बसतात. त्यांचा नातू शौनकसुद्धा शिबिरात आहे, आणि त्यांचं ऐकून ट्रॅकवर येणाऱ्या बऱ्याच जणांनी मुलं पाठवली आहेत.

संकल्प: मुलांवर पूर्ण विश्वास ठेवायचा. डोळ्यांत तेल घालून.

३ मे

जाहिरातीत 'द्राक्षमळ्यात धमाल' असं होतं. मे महिन्यात मळ्यात छाटलेल्या वेली आणि कोवळी पालवी असते, द्राक्ष औषधालाही नसतं. आरोही नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, दादा, मग जाहिरात खोटी का? ही मुलगी लक्षात ठेवायला हवी.

ओळखीच्या खेळात मी माझं नाव वेणीमाधव असल्याचं सांगितलं. मागून कोणीतरी 'वेणीताई' म्हणालं. वळून पाहिलं तर सगळे गंभीर. एवढी मुलं एकदम गंभीर असणं नैसर्गिक नाही. तपास सुरू.

नियम कडक आहेत. मुलांकडे फोन नाहीत. आम्ही फोन फक्त तातडीला वापरायचा. सरांच्या ऑफिसात लँडलाइन आहे, मोबाइलला रेंज मात्र फक्त पाण्याच्या टाकीखाली येते. संध्याकाळी तिथे जाऊन आईला फोन केला. आईचा फोन तातडीतच मोडतो, कारण न केल्यास तातडी उद्भवते.

परतताना टाकीकडे येणारी सायलीताई दिसली. ही दुसऱ्या गटाची ताई, बी.पी.एड. करते, शिट्टी माझ्यापेक्षा मोठ्याने वाजवते. हिला टाकीखाली काय काम?

४ मे

दुपारचं पिठलं खारट झालं. स्वयंपाकाच्या चतुराबाई म्हणाल्या, दादा, तुम्हीच म्हनले ना, पोरांना घाम येतो, मीठ वाढवा. म्हणालो होतो. पण किती वाढवायचं ही त्यांची जबाबदारी. मुलं तांबेच्या तांबे पाणी प्यायली आणि मग संडासापुढे रांग लागली.

आईला सांगितलं. खूप हसली.

५ मे

दुपारी रविराज सरांनी सगळ्यांना बोलावलं. चेहरा तापलेला. दोन-तीन पालकांचे फोन आले होते, काल पिठलं खारट होतं म्हणे, मुलांचं पोट बिघडलं का? सर म्हणाले, पोरांकडं फोन नाय, मग नाशकात कळलं कसं? पहिलंच शिबिर हाये माझं. नाव गेलं तर पुढच्या साली कोन पोरं पाठवंल?

म्हणजे आमच्यात फितूर आहे. मी सरांना बाजूला घेऊन शब्द दिला, शोधून काढतो. सर म्हणाले, तुम्ही फक्त पोरांकडं बघा. ही त्यांची बोलायची पद्धत. मनातून त्यांना बरं वाटलं असणार.

संशयित: सायलीताई (टाकी). चतुराबाई (मिठाचा राग). आरोही (एकूणच).

याच गडबडीत दुसरी गोष्ट कळली. शौनक पंगतीत बसतो, पण ताटातला भात नुसता इकडचा तिकडे करतो. त्याच्या मागोमाग गेलो तर गोठ्यामागे बिस्कीट खाताना सापडला. दहा वर्षांचा मुलगा, कान लाल झाले. म्हणाला, मला आजी भरवते. हाताने जेवताच येत नाही. भात सांडतो आणि सगळे बघतात. कोणाला सांगू नका ना दादा, मला बाळ म्हणतील.

मी गळ्याची शपथ घेतली. मी शब्दाचा पक्का माणूस आहे.

संध्याकाळी आईला यातलं काहीही सांगितलं नाही. फक्त एक मुलगा जेवत नाही एवढंच म्हणालो. लताबाईंचा शौनक का, असं तिने विचारल्यावर मी ठामपणे गप्प राहिलो.

६ मे

सकाळी हौदावर पोहण्याचं प्रात्यक्षिक दिलं. पाय निसटला. पडण्यातसुद्धा एक धडा असतो, तो मुलांना मिळाला. सायलीताईने मला कॉलर धरून बाहेर काढलं, ते गरजेचं नव्हतं, असं संध्याकाळी आईलाही सांगितलं.

पंगतीआधी गोठ्यामागे शौनकची शिकवणी. भात कालवायचा, बोटं जवळ घ्यायची, घास तोंडाशी नेऊन अंगठ्याने आत ढकलायचा. पहिले घास शर्टावर. म्हैस बघत होती. तो हसला, मग मीही हसलो. इतकी वर्षं मी हेच कसं करत आलो, याचा कधी विचारच केला नव्हता.

७ मे

दुपारी परत फोन. दादाच हौदात पडतो, तर मुलांना कोण काढणार, असं एका पालकाने सरांना विचारलं.

आता सौम्यपणा बस झाला. सगळ्या मुलांना ओळीत उभं करून एकेकाच्या डोळ्यांत पाहिलं. मुलांच्या मानसशास्त्रावरचे बरेच व्हिडिओ मी बघितले आहेत. खोटं बोलणारा मुलगा नाक खाजवतो. सगळेच नाक खाजवत होते. पाल्याची धूळ उडत होती म्हणे.

आरोहीने हात वर करून विचारलं, दादा, तुम्ही रोज संध्याकाळी टाकीखाली कोणाशी बोलता? सगळ्यांसमोर! चोराच्या उलट्या बोंबा. तिचं नाव पहिल्या क्रमांकावर.

पण आजचा दिवस वाया गेला नाही. दुपारच्या पंगतीत शौनकने माझ्याकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि सगळ्यांच्या मध्ये बसून स्वतःच्या हाताने वरणभात खाल्ला. सांडला थोडा. शेजारच्या मुलाने पाहिलंसुद्धा नाही. चतुराबाईंनी परत भात वाढला तर तोही संपवला. मी वाढपी म्हणून उभा होतो, हातातलं वरणाचं पातेलं घेऊन तसाच उभा राहिलो. कोणाला काही शिकवलं आणि त्याला ते आलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

एवढा आनंद एकट्याच्या पोटात राहीना. आईला सगळं सांगितलं, गोठ्यापासून वरणभातापर्यंत. वर तिला बजावलं, कोणाला बोलू नकोस, मी शपथ घेतली आहे. ती म्हणाली, मी कशाला कोणाला सांगू? शपथ तशी मोडली नाही. आई म्हणजे कोणी बाहेरची नव्हे.

८ मे

सापळा लावला.

तिघांना तीन वेगवेगळ्या खोट्या बातम्या दिल्या. सायलीताईला सांगितलं, हौदात पाणसाप निघाला. चतुराबाईंना, शिधा संपला, उद्यापासून दोन्ही वेळा नुसती खिचडी. आरोहीला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, रात्री मळ्याच्या कडेच्या उसात बिबट्या दिसला. तिघांनाही बजावलं, हे फक्त तुम्हालाच सांगतोय. आता जी बातमी नाशिकला पोचेल, तिचा मालक माझ्या हाती. सायलीताई हौद बघून आली आणि काही नाही म्हणाली. चतुराबाईंनी तांदळाचं पोतं दाखवलं. आरोही म्हणाली, बरं. तिघींचा अभिनय चांगला होता.

अशी युक्ती करायची आणि कौतुकाला कोणी नाही, हे फार अवघड. संध्याकाळी आईला सविस्तर सांगितलं. साप, खिचडी, बिबट्या. ती अगं बाई, अगं बाई करत होती. हे सगळं खोटं आहे, असं मी सांगत असतानाच रेंज गेली. पण मुद्दा तिच्या लक्षात आला असणार.

९ मे

सकाळपासून लिहायला सवड नाही मिळाली. आता बसमध्ये लिहितोय.

अकरा वाजल्यापासून सरांचा फोन थांबेना. पहिला पालक साप म्हणाला. दुसरा खिचडी. आणि मग सगळेच बिबट्या. तिन्ही बातम्या पोचल्या! म्हणजे फितूर एक नव्हता, तिघी मिळून होत्या. एवढं मोठं कारस्थान माझ्या नाकाखाली चाललं होतं. मी सरांना हे सांगायला गेलो, पण तोवर फाटकात गाड्या लागायला लागल्या होत्या.

बिबट्याचं ऐकून गावातले लोक काठ्या घेऊन उसाच्या कडेला जमले. डबे वाजवले. उसातून एक मुंगूस निघालं. सरांनी आरोहीला विचारलं. ती म्हणाली, दादांनी सांगितलं होतं, पण मला ते खोटं वाटलं, म्हणून मी कोणालाच नाही सांगितलं. मग सर माझ्याकडे वळले. म्हणाले, माझ्या उसात बिबट्या, आन मला नाय दिसला, तुम्हाला दिसला व्हय? मी सापळ्याची योजना समजावली. सर ऐकत होते, आणि त्यांच्या मागे मुलं एकेक करून बॅगा घेऊन गाड्यांत बसत होती.

लताबाई रिक्षा करून आल्या. हातात स्टीलचा डबा. राहिलेली मुलं पंगतीला बसली होती. त्या सरळ शौनकपाशी गेल्या, मांडी घालून बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, सोन्या, तुला हाताने जेवता येत नाही, उपाशी राहतोस ते कळलं रे मला. डबा उघडला, वरणभात तूप घालून कालवला आणि सुरू झाल्या. हा घास चिऊचा. हा घास काऊचा.

एका मुलाला हसू फुटलं. मग सगळ्यांना. शौनकने घास घेतला नाही, नाकारलाही नाही. तूप ओठांवरून खाली आलं. पुढ्यात त्याचं स्वतःचं ताट होतं, अर्धं जेवून झालेलं. ते आजीने बाजूला सरकवलं होतं.

मी पुढे झालो. तो हळू आवाजात म्हणाला, गोठ्यामागे तुम्ही आणि मीच होतो ना, दादा?

मी म्हटलं, शपथ, मी कोणाला सांगितलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविराज सर फाटकापर्यंत आले होते. रागावले नाहीत. म्हणाले, माधवराव, तुम्ही मानूस वाईट नाय, पन पुढच्या वेळी नगं. शिबिरप्रमुखाचा विषय मीही काढला नाही.

चतुराबाई चुलीसाठी गोवऱ्या घ्यायला गोठ्याकडे येतात. त्यांनीच त्या दिवशी ऐकलं असणार. दुसरं कोणी असूच शकत नाही.

१० मे

घरी. दिवसभर झोपून. दुपारी आईने चहा आणला आणि माझ्या केसांतून हात फिरवला, तेव्हा मला रडू आलं. उशीत तोंड खुपसून, लहान पोरासारखा. नोकरी गेली म्हणून नव्हे. ते पोर माझ्याकडे बघेना म्हणून. आईला एवढं सांगितलं आणि म्हणालो, हे तुझ्यापाशीच ठेव. ती म्हणाली, हो रे राजा.

११ मे

सकाळी दूध आणायला खाली उतरलो. वॉचमन सावळीराम खुर्चीवरून उठला. एरवी उठत नाही. म्हणाला, दादा, लय मनाला लावून घिऊ नका. रडलं की मानूस हलका व्हतो. मी विचारलं, कोण म्हणालं मी रडलो? तो म्हणाला, लताबाई सांगत व्हत्या ना सकाळी बाकावर. उशी वली झाली म्हने.

दूध न घेता जिन्यात बसलो. उशीचं फक्त आईला माहीत होतं. तिथून मागे मागे जात राहिलो, बिबट्या, हौद, पिठलं. दर वेळी टाकीखाली मीच उभा. आरोहीने सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि मी तिचं नाव पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं. सावळीरामसमोर मला जी लाज वाटली, ती त्या पोराला अख्ख्या पंगतीसमोर वाटली असणार. आणि मी मोठा आहे. तो दहा वर्षांचा.

तडक शेजारच्या विंगमध्ये गेलो. लताबाईंनी दार उघडलं. म्हटलं, शौनकशी दोन मिनिटं बोलायचंय, माफी मागायची आहे. त्या आत जाऊन आल्या. म्हणाल्या, नाही म्हणतोय. कालपासून ताट घेऊन खोलीत जातो, कडी लावतो, हाताने जेवतो आणि रिकामं ताट बाहेर ठेवतो. माझ्या हातचा घास घेत नाही. विचारलं तर काही सांगतही नाही, पूर्वी मला सगळं सांगायचा हो. त्यांचे डोळे भरून आले. मग दार थोडं ओढून घेत हळूच म्हणाल्या, कशाची माफी? काय झालं तिकडे? मला सांगा, मी कोणाला बोलणार नाही.

काही नाही, सहज, असं म्हणून निघालो.

आमच्या मजल्यावर पोचलो तर आई दारातच उभी. म्हणाली, माफी कसली मागायची आहे रे तुला?