पंचवीसवर बस्स

मामाजी, तुमाले जाऊन इतके वर्सं झाले की तुमच्या नातवाच्या डोक्यात पांढरे केस आले, अन् त्याची पोरगी, म्हणजे माही नात अन् तुमची पणती, कमाईले लागली. कुठं लागली म्हणान तर गाड्यांच्या वर्कशॉपात! बुलढाण्याले मोठं वर्कशॉप हाये. तिथं निळा शर्ट-पँट घालून ते गाडीखाली जाते, अन् हाताखालचे बाप्ये तिले मॅडम म्हणतात. मले हे लिहितानाच हसू येऊन राह्यलं. सासूबाई असत्या तर म्हणल्या असत्या, "आधी सून फिटर, आता पणती फिटर, या घरात भाकरी थापणारी येईन तरी कधी?" माहं अक्षर तुमाले माहीत हाये. दुसरीपर्यंतची शाळा, त्यातले अर्धे दिवस शेण वेचाले गेले. काही चुकलं तर समजून घेजा.

मागच्या ऐतवारी पोरगी घरी आली ते एक लांब डबा घेऊन. मले वाटलं मिठाई असन. उघडला तर आत पाना! चकचकीत, हातभर लांब. मले म्हणे, "आजी, हा पाना बोलते. जेवढं कसायचं तेवढं कसून झालं की आपसूक सांगते." बापाची गाडी अंगणात उभी होती, तिच्या सायलेन्सरचे बोल्ट कसून दाखवले. टक् वाजलं. मंग मले प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं अन् पाना हातात देला. मी ओढला. टक्! मामाजी, मी लेकरावानी टाळी वाजवली. शेजारीण कुंपणावरून म्हणे, "काय झालं वं आजीले?" मी म्हणलं, मी फिटर झाली. मंग पोरीनं पान्याची मूठ फिरवून दाखवली. तिच्यावर आकड्यांच्या दोन रांगा. म्हणे, "हे पाय आजी, ही रांग वेगळ्या मापाची, ही वेगळ्या. घाईत चुकीची पाह्यली की बोल्ट गेला समज." मी पाना तिच्या हातात वापस देला. मी म्हणलं, दूध उतू जाईन, अन् घरात गेली. चुलीवर, म्हणजे गॅसवर, काहीच नव्हतं.

तवापासून तुमच्याशी बोलून राह्यली मनातल्या मनात. मंग म्हणलं लिहूनच काढाव.

मी लग्न होऊन चिखलीले आली तवा महाराष्ट्र नवानवाच झाला होता, अन् सून म्हणून मीही. मेहकर रोडवर निंबाच्या झाडाखाली तुमची टिनाची शेड, मागं आपलं घर. हे खामगावले नोकरीवर, शनिवारी यायचे. घरात तुम्ही, सासूबाई अन् मी. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, बसायचं नाही, पदर भुवईच्या खाली. तुमाले पाणी पाह्यजे असलं तर तुम्ही भिंतीले सांगायचे, "घरात पाणी असन तर पाठवा." मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून पळायची. आठ महिने आपण असेच राह्यलो. मी तुमाले तुमच्या चपलांवरून ओळखायची म्हणा नं, कारण पदराखालून तेवढंच दिसे.

तुमचे डोळे तवाच अधू झाले होते. हातानं चाचपून तुम्ही सगळं इंजन खोलायचे अन् बसवायचे, पण बारीक आकडा दिसत नव्हता. अन् गावातल्या डॉक्टरीणबाईच्या गाडीले आकडाच लागे. त्याईच्या गाडीसोबत विंग्रजी पुस्तक होतं, त्यात लिवलेलं होतं की इंजनापासून सायलेन्सरची नळी जिथं जोडते तिथले तीन बोल्ट एक फूट लांब पान्यानं पंचवीस पौंड जोर येईस्तोर कसायचे. बाईनं तुमाले वाचून दाखवलं. असा जोर मोजाचं यंत्र आपल्या इकडं कोणापाशी? तुम्ही मोजून एक फुटाचा पाना घेतला, टोकाले भोक पाडलं, त्यात कापूस मोजाच्या स्प्रिंगच्या काट्याचा हूक अडकवला. काटा धरून पाना सरळ आडवा ओढायचा, काटा पंचवीसवर आला की थांबायचं. सोपं. फक्त काटा वाचाले कोणीतरी पाह्यजे. त्या दिवशी रस्त्यानं कोणी जात नव्हतं, म्हणून तुम्ही भिंतीले म्हणाले, "घरात कोणाले आकडे येत असतीन तर या."

मी आली. तुम्ही ओढून राह्यले, काटा पंधरावर, वीसवर, पंचवीसवर, अन् माह्या तोंडातून शब्द निघत नाही. सासऱ्यासमोर बोलाव कसं? काटा सत्तावीसवर गेला तवा तुम्हीच थांबले. केवढे ओरडले तुम्ही! "मुकी काऊन झाली बाई? बोल्ट तुटन नं! पदर डोक्यावर राहू दे, तोंडावरचा काढ." मले रडूच आलं. पण दुसऱ्या बोल्टाले मी असं "बस्स!" म्हणलं की शेडमधला कुत्रा उठून पळाला. तुम्ही पान्यावर कपाळ टेकवून हसले. माह्या सासऱ्याशी मी बोललेला पहिला शब्द तो. लोकाईच्या सुना "मामाजी, जेवाले चला" म्हणून सुरुवात करतात, मी "बस्स" म्हणून केली.

मंग हे रोजचंच झालं. तुम्ही ओढायचे, मी वाचायची. तुम्ही शिकवायचे बी. एक बोल्ट पुरा कसून दुसऱ्याकडं जायचं नाही; जरासा हा, जरासा तो, जरासा तिसरा, मंग पुन्हा फिरून, नाहीतर नळीचं तोंड तिरपं बसते. ढिलं राह्यलं तर धूर गाडीत शिरते. लय कसलं तर बोल्ट ताणून पडते, गरम झाला की तुटते, मंग बी धूर गाडीतच. "बोल्टाले विचारत विचारत कसाव," म्हणायचे. तुम्ही माह्यासाठी एक खोकं आणलं, त्यावर बारदान्याची घडी शिवून घेतली, अन् गाडीजवळ ठेवून भिंतीले म्हणाले, "उभ्यानं आकडा नीट दिसत नाही, बसून वाचाव." सासऱ्यासमोर बसाले जागा भेटलेली आख्ख्या गल्लीत मी एकटी. सासूबाई म्हणाल्या, "सून आणली का दुकानात माणूस ठेवला?" अन् तुम्ही गिऱ्हाइकाईले माह्याकडं बोट करून सांगायचे, "हे माहे डोळे हायेत." मामाजी, माहेरी मले कोणी कशाचं काही म्हणलं नव्हतं. चार बहिणीतली तिसरी मी. त्या एका शब्दावर मी दिवसभर उडत राहायची.

आता पुढचं लिहाले पेन जड होऊन राह्यला.

एक दिवस विहिरीत बादली पडली. बादली काढाचा गळ शेजारच्याईनं नेलेला. मले वाटलं काट्याले मजबूत हूक हाये, त्यानंच काढाव. दोराले काटा बांधून सोडला. बादली आली वर अर्ध्यापर्यंत, गाठ सुटली, अन् बादली बी गेली, काटा बी गेला. बादलीचं सांगितलं, काट्याचं नाही सांगितलं. तुम्ही ओरडले असते, दुसरं काय? पण मले वाटलं, डोळ्यानंच काटा बुडवला म्हणतीन. त्याच आठवड्यात माहा भाऊ कापसाची गाडी घेऊन बाजारात आला होता. त्याले म्हणलं, असाच काटा आणून दे, कोणाले सांगू नोको. त्यानं आणला. तसाच पितळी, तसाच गोल, तेच आकडे. भाऊ म्हणे, "आता हेच चालतात, नवे, सरकारी छापाचे." मी विचारलं नाही नवं म्हणजे काय. तवा शेर अन् पौंड जाऊन किलो येऊन राह्यला होता, बाजारात रोज त्याच्यावरून भांडणं. पण ते बाप्याईचे भांडणं, बाईमाणसाले कोण सांगते? तुम्ही काटा हातात घेऊन म्हणाले, "लय चकचकीत झाला?" मी म्हणलं, राखेनं घासला.

डॉक्टरीणबाईची गाडी आली. मी खोक्यावर बसली. तुम्ही ओढाले लागले, अन् एका जागी थांबले. "बस्स नं बाई?" मी म्हणलं, "अकराच झाले मामाजी." तुम्ही अजून ओढलं. "आज लय जड जाऊन राह्यलं वं." अन् मी काय म्हणलं माहीत हाये? मी हसून म्हणलं, "वय झालं तुमचं. काटा खोटं बोलते का?" तुमच्याशी थट्टा कराची हिंमत आली होती मले. तुम्ही बी हसले, पाय गाडीच्या चाकाले लावला अन् ओढलं. गळ्याच्या शिरा फुगल्या. "पंचवीस, बस्स!" तिन्ही बोल्ट असेच.

चौथ्या दिवशी बाई हिवरा आश्रमाकडच्या गावी बाळंतिणीले पाहाले निघाल्या. रस्त्यात दोन बोल्ट तुटले, नळी सुटली, धूर आत. बाईले घेरी आली, गाडी बाभळीले घासून थांबली. कपाळाले खोक पडली. बैलगाडीनं त्या पुढं गेल्या, उशिरा पोचल्या. बाळंतीण वाचली, लेकरूही वाचलं, मी दोन दिवस अन्न गिळलं नव्हतं ते कळेपर्यंत. बाई कपाळाले पट्टी बांधून शेडमध्ये आल्या. रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "मिस्त्री, हात थकला का हो?" तुम्ही तुटका बोल्ट बोटानं चाचपला. लय वेळ चाचपला. "ताणून तुटला. झटका देला असन मी. आकडा तर बरोबर होता, सूनबाईनं वाचला." मंग माह्याकडं तोंड केलं. भिंतीकडं नाही, माह्याकडं. "पंचवीसच होता नं बाई?" मी म्हणलं, "हो मामाजी."

तवा मले खरंच माहीत नव्हतं, हे देवाशपथ. पंधरा दिवसांनी कळलं. जुन्या काट्यावर मोजून मी तुरीच्या डाळीच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या, दहा-दहाच्या. एक काढून नव्या काट्याले लावली तर साडेचार. मले वाटलं उंदरानं खाल्ली. पिशवीले भोक नाही. दुसरी लावली, साडेचार. मी तिथंच चुलीपुढं बसून गेली. पौंडाचे पंचवीस मी किलोचे वाचले होते. दुपटीहून जास्त ओढाले लावलं मी तुमाले.

उठून दोन पावलं चालली असती तर शेड होती. तुम्ही तिथं बसून होते, पाना खुंटीले टांगून. त्या दिवसानंतर तुम्ही एकही बोल्ट कसला नाही. पंक्चर काढायचे, तेल बदलायचे, कसाचं काम आलं की म्हणायचे, "दुसऱ्या मिस्त्रीकडं न्या, माहा हात गेला आता." चहाचा कप उचलला की थांबून आपल्याच मनगटाकडं पाहायचे, जसं ते परक्या माणसाचं हाये. मी कप घेऊन जाताना रोज ठरवायची, आज सांगते. अन् तुम्ही एखाद्या गिऱ्हाइकाले म्हणायचे, "हात गेला, पण डोळे हायेत माहे, हे बसले पाहा." मंग कसं सांगाव? हात वापस देला असता तर डोळे गेले असते. असंच सहा वर्सं गेले, अन् एक दिवस तुम्ही गेले. जाताना माह्या हातात तुमचा हात होता. मी नुसता दाबत राह्यली.

ऐतवारी पोरगी जाताना दारात थांबली. "आजी, बाबा सांगतात पणजोबांचा हात गेला म्हणून त्याईनं काम सोडलं. खरं का?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणे, "वर्कशॉपात मी सगळ्याईले सांगितलं, माही आजी नुसत्या डोळ्यानं जोर मोजे, तिचेच डोळे आले मले." काय सांगू मामाजी, इतका आनंद झाला! या वयातही तोच शब्द. मी म्हणलं, "हो माय. वय झालं होतं त्याईचं."

हे कागद तुमाले पोचवाले पोस्ट नाही. पोरीले देईन का, तेही मले माहीत नाही. सध्या काट्याच्या डब्यात ठेवते. हो, तो नवा काटा अजून माह्यापाशी हाये. अन् एक गोष्ट राह्यली. डाळ मोजली त्या दिवशी मी दहाच्या दोन पिशव्या अन् एक अर्धी, म्हणजे जुने पंचवीस, एका फडक्यात बांधून त्याले लावले होते. काटा अकराच्या जरासा पुढं थांबला. तुमचा हात पहिल्यांदा थांबला होता ना, मामाजी, "बस्स नं बाई" म्हणून? तिथंच.