सहा गावांची खाडी

प्रिय आत्या,

काल आपल्या घरामागच्या तिवरांच्या झाडांत भराव पडला. तुला सांगितल्याशिवाय घास उतरेना, म्हणून लिहिते आहे.

आठवतं ना? खाडीत जिताडा मासा मिळेनासा झाला, तेव्हा प्रत्येक गाव दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतं. तू मात्र उरणच्या जुबेदाखालाला बरोबर घेऊन होडीतून गावोगाव फिरलीस. म्हणायचीस, "अरे, खाडी एकच हाय. तिची वाटणी कशी करता?"

शेवटी सहा गावं एका मांडवात बसली! तिवर तोडायचे नाहीत, बारीक जाळं टाकायचं नाही, भरावाची गाडी कुणीच आत सोडायची नाही. सगळ्यांनी शपथेच्या नारळावर हात ठेवला. खाला म्हणाली, "माझी जबान हाच माझा नारळ."

आणि लोकांनी पाळलंही गं! कोळंबी परत येऊ लागली होती. तू उघड्या चिखलात तिवरांची नवी रोपं लावलीस.

मग तू आजारी पडलीस आणि गेलीस. त्यानंतर बैठक बोलावलीच नाही कुणी. एका गावाने डंपर सोडला. दुसरं म्हणालं, "मंग आमीच का मागं ऱ्हायाचं?"

काल खाला आणि मी वाटेत उभ्या राहिलो. सहा गावांतून आम्ही दोघीच! पहिला डंपर कोण चालवत होतं, सांगू? तुझा प्रकाश.

"ताई, बाजूला हो."

"तुझ्या आईने लावलेत रे हे तिवर!"

"ठाव हाय. मासली नाय, नोकरी नाय. आईच्या एकीवर माजी चूल पेटंल काय?"

सहा गावं जोडलीस, पण या पोराजवळ कधी निवांत बसलीस का गं?

खालाने माझा हात धरला. "चल बेटी. तिचं लेकरू आहे, बद्दुआ तरी कशी देऊ?"

माती कोसळली. चिखलातल्या निवट्या, त्या बोटभर मासोळ्या, उड्या मारत सुटल्या. दुसरी खेप आली, तेव्हा काहीच हललं नाही.

खाडी वाचेल, असं वचन मी देत नाही. खोटं कशाला बोलू? खाला आणि मी पुन्हा गावोगाव जाणार आहोत. बहुतेक दारं तोंडावर लागतीलच. पण आधी प्रकाशच्या घरी जाईन. भांडायला नाही, नुसतं बसायला. तो बोलला नाही तरी उठणार नाही, एवढं नक्की.

तुझीच भाची,
सुरेखा