डाव्या हाताची जास्वंद

नाशिक

तीर्थरूप नानांना चारुलताचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. यांची तब्येत सुधारतेय, पोटभर जेवतात. लकव्यानं गेलेला उजवा हात अजून उचलत नाही, पण काल दवाखान्याच्या बागेतली जास्वंद डाव्या हातानं रंगवली. कागदावर चहा ओतला, कापूस चिकटवला, लाल रंग बोटांनीच फासला.

मी म्हटलं, "किती छान झालीय!"

"शाळेत पोरांना आता हेच शिकवू का?" म्हणाले आणि कागद फाडला. आज रंग पुढे केले, तर तोंड फिरवलं.

आईंचे गुडघे कसे आहेत? रावेरला केळीची कापणी चालू असेल, म्हणून येऊ नका असंच लिहिणार होते. पण नाना, या. मला एकटीला आता होत नाही.

तुमची सून,
चारुलता